अध्यक्षबाईंच्या चौकशा

आमच्या अध्यक्षबाईंइतकी चौकस बाई दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत झाली नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यवतच्या आमच्या महिला पतसंस्थेत मी व्यवस्थापक म्हणून लागले, तेव्हा मुलाखतीत त्यांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. तुमच्यात भाकरी कोण थापतं आणि घरात भांडण झालं तर आधी कोण बोलतं, एवढं विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाल्या. त्यांचं लहानपण मेंढरांमागे हिंडण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांना एका जागी बसवत नसे. अध्यक्षांची खुर्ची त्यांनी आल्यागेल्यांना देऊन टाकली होती. स्वतः सभा चालवायच्या त्या उभ्यानं. कर्ज मागणाऱ्या बाईच्या घरी गेल्या की आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून बघत. त्याचा कुणाला राग येत नसे, कारण पाठोपाठ त्या स्वतःच ताट मागून घेत. एकदा धाब्यावर तंदूर आतून कसा असतो ते बघताना त्यांचा पदर जळाला. आचाऱ्याचा जीव वरखाली झाला, आणि बाई त्याला विचारत होत्या, रोटी भिंतीला चिकटते ती खाली कशी पडत नाही.

सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, बिहारकडून आलेल्या काही कामगारांच्या बायकांना मिळून खानावळ काढायची होती. बाई दुपारभर त्यांच्यात बसल्या, आपल्या मोडक्या हिंदीत त्यांच्या सासवांचीसुद्धा चौकशी केली, आणि कर्ज द्यायचंच असं ठरवून परतल्या. सभेत मात्र विरोध झाला. विरोध करणारे होते एका संचालिकेचे यजमान, गावातले वजनदार बागायतदार. निवडून आली होती बायको, पण सभेला येत ते. बाहेरची माणसं उद्या खोली सोडून गेली तर शोधायची कुठं, असं त्यांचं म्हणणं, आणि बाकीच्या बायका त्यांच्यापुढे तोंड उघडेनात. बाईंनी वाद घातला नाही. वहिनींना काय वाटतं, तेवढं विचारलं. ती माझ्या शब्दाबाहेर नाही, असं ते म्हणाले.

“आसंल. पन मला तिच्या तोंडून ऐकायचंय,” असं म्हणून बाईंनी चपला घातल्या. आम्ही सगळ्या त्यांच्यामागे निघालो, आणि आमच्यामागे ते यजमान. वहिनी धार काढत होत्या, म्हणून सभा गोठ्यातच भरली. बाईंनी सगळी हकिकत सांगून त्यांचं मत विचारलं.  वहिनी म्हशीच्या कासेवरचा हात न काढता, खाली मान घालूनच म्हणाल्या, “मी बी लगीन हून आले तवा बाहेरचीच हुते. द्या त्यांना.”

यजमान घरात निघून गेले. खानावळ निघाली, चांगली चालली, आणि वहिनी स्वतः सभेला येऊ लागल्या. आधी नुसत्या बसत, मग बोलू लागल्या, पुढे बाईंना अडवू लागल्या. नवी निवडणूक आली तेव्हा अध्यक्षपदासाठी त्या बाईंच्याच विरोधात उभ्या राहिल्या. हे यजमानांचं काम, असं आम्ही धरून चाललो. बाई मात्र सरळ त्यांच्या घरी जाऊन विचारून आल्या आणि मला म्हणाल्या,

“न्हाई गं, तिचं तिनंच ठरवलंय. म्हंती, तुम्ही लई हिंडता आन् आपीस वाऱ्यावर सोडता. खोटं न्हाई त्ये.”

तरीही बाई नेटानं लढल्या, आणि थोडक्यात हरल्या. वहिनींना हार त्यांनीच घातला. वहिनींनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि मग उभं राहून, कुठेही न अडखळता भाषण केलं.

संध्याकाळी यवतच्या थांब्यावर आम्ही दोघी एसटीची वाट बघत होतो. बाई काहीच विचारीनात. शेवटी मीच विचारलं, वाईट वाटतंय का.

“वाटतंय तर,” त्या म्हणाल्या. “आन् ती बोलाय लागली तवा ऊर भरून बी आला. दोन्ही एकदम कसं गं वाटतं?”

तेवढ्यात एसटी आली. त्यांना खिडकीशी जागा मिळाली, पण गाडी सुटेपर्यंत त्यांनी बाहेर बघितलं नाही; मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बसून राहिल्या.