बापटकाकांचं मत

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधली आम्ही पाच मराठी घरं रविवारी जमतो. पोहे हे निमित्त, भांडण मुख्य! गेलं वर्षभर विषय एकच: सरकारने नऊशे नव्व्याण्णव वर्षांच्या लीजवर दिलेली जमीन मालकीची करून घ्यावी की नाही? इतकं भांडल्यावर किस्से साठणारच. त्यातले निम्मे बापटकाकांचे.

काका निवृत्त प्राध्यापक, वय शहाऐंशी, पक्के डावे. आमचे हे एकदा म्हणाले, "काका, मालकी घ्या आणि निवांत व्हा."

"जमीन समाजाची! आपण भाडेकरू!"

"अहो, पण नऊशे नव्व्याण्णव वर्षांनी लीज संपेल त्याचं काय?"

"मग आत्ताच कसली घाई आहे तुम्हाला?"

*

काकांना मूलबाळ नाही. तीस वर्षांपूर्वी काकूंच्या मदतीला आलेली मिनती घरचीच झाली. काकांना 'बाबा' म्हणते, पुरणपोळी माझ्यापेक्षा चांगली करते. बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "ह्या कोण?"

काका म्हणाले, "या घरातलं एकमेव कामाचं माणूस!"

*

काकू गेल्या. आपल्यामागे घर मिनतीला मिळावं म्हणून काका मला घेऊन सरकारी ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाला, "लीजची जमीन रक्ताच्या नात्याबाहेर देता येत नाही. मालकीची झाली, तर कुणालाही द्या."

"म्हणजे आता मीच खासगी मालकी मागू?" काका म्हणाले. टेबलाभोवतीचे सगळे हसले, मीही हसले. परतताना ऑटोत काका लीजचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होते. माझ्या हसण्याची मला फार लाज वाटली.

*

शेवटी मी मिनतीवर चिडले. "अगं, तू तरी सांग ना त्यांना! उद्या कुठे जाशील?"

ती भाजी निवडत म्हणाली, "मी घरासाठी राहिले असं वाटेल त्यांना."

*

मग ब्लॉकची सभा झाली. सरकारला मत कळवायचं होतं, घरटी एक. काका मालकीविरुद्ध वीस मिनिटं बोलले. अस्खलित बंगालीत! टाळ्या पडल्या.

सेक्रेटरींनी विचारलं, "मालकी हवी, त्यांनी हात वर करा."

काकांनी हात वर केला. मी बघतच राहिले!

"नको, त्यांनी?"

काकांचा हात पुन्हा वर.

"सर, दोन्हीकडे कसं चालेल?"

"पहिला मिनतीचा. तिला इथे मत नाही ना."

"सर, घराचं एकच मत. कोणतं लिहू?"

काकांनी वळून दाराकडे पाहिलं.

त्यांची पाण्याची बाटली घेऊन दाराशी थांबलेली मिनती म्हणाली, "नको, असं लिहा. बाबांनी एवढं भाषण केलंय."