पौलोस मास्तरांनी सोडलेली पट्टी

केरळातल्या इरिंजालकुडाच्या शाळेत बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलेल्या पौलोस मास्तरांचं एक वाक्य गावाला पाठ होतं: "बॅकअप नाही त्याला अक्कल नाही." त्यामुळे खुद्द मास्तरांचीच हार्ड डिस्क बसली तेव्हा गावाला झालेला आनंद समजण्यासारखा होता. मास्तरही हसले. त्यांच्याकडे बॅकअप होता.

त्यात आईचा आवाज होता. थ्रेस्याअम्मा जायच्या आधी मास्तरांनी तिची सांजेची प्रार्थना रेकॉर्ड केली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. उद्या तिला जाऊन वर्ष होणार, आणि प्रार्थना तिच्याच आवाजात ऐकवतो असं मास्तर चर्चच्या पायरीवरून सगळ्यांना सांगून बसले होते. मोठेपणा नडतो तो असा.

नवी डिस्क जुनीएवढीच होती. जुन्या डिस्कचे दोन भाग होते, एक छोटा, एक फाइलींचा मोठा. तेवढेच भाग नव्या डिस्कवर आखायचे आणि बॅकअप त्यात उतरवायचा, इतकं सोपं काम. मास्तरांनी आखले. पडद्यावर आलं, मोठ्या भागाला जागा कमी पडते. पुन्हा आखले, पुन्हा तेच. मग मास्तरांनी डिस्क विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुपारी थोरला भाऊ ऐपू, मास्तरांचा चेट्टा, दारात उभा. राहायचा शेजारीच, पण जमिनीच्या वाटणीत हद्दीवर आलेल्या एका फणसापायी दोघे चौदा वर्षं फक्त कोर्टात भेटत होते.

"अम्मेचा आवाज घालवलास म्हणे?"

"घालवला नाही, चेट्टा. मावत नाहीये."

ऐपूने पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "हे दोन भाग ना? मग मधली ही करडी पट्टी कोणाची?"

"कोणाचीच नाही. मोकळी सोडलीय. हद्दीला हद्द लागली की पुढे कटकट होते."

बोलून झाल्यावर मास्तरांना आपण काय बोललो ते कळलं. ऐपू पोट धरून हसत खुर्चीत बसला. "अरे गाढवा, तिथे कुठे फणस आहे?"

ज्या चुकीसाठी मास्तरांनी पोरांना बाकावर उभं केलं असतं, ती त्यांनी स्वतः दोनदा केली होती. खाली मान घालून त्यांनी दोन्ही भाग पुसले आणि एकमेकांना खेटून आखले. बॅकअप निमूट उतरला.

आईचा आवाज लागला. दोघे हात जोडून ऐकत राहिले. प्रार्थना संपली की मास्तर नेहमी घाईने बंद करायचे. आज हात जोडलेलेच राहिले आणि आई पुढे बोलली.

"झालं ना रे, पौलोसे? आता ऐपूला चहाला हाक मार."

मास्तरांना वर बघवेना.

"मारली नाहीस," ऐपू म्हणाला.

"नाही."

"मी फणसाखालीच उभा होतो. तिची प्रार्थना ऐकत."

मास्तर उठले आणि चहा टाकायला आत गेले.