व्याज उतरलं, माग थांबले

यंत्रमागाखाली कापसाची तूस साचते. सकाळी झाडली तरी संध्याकाळी पुन्हा तेवढीच. आमच्या कबनूरच्या टपरीवरचे किस्से तसेच. कुणी जमवत नाही, आपोआप साचतात. पूर्वी त्यांना हसायचो. हल्ली नुसतं ऐकतो.

मी मागांचा जॉबर, म्हणजे दुरुस्तीवाला. शिक्षण चौथी. आमच्या गल्लीतल्या अण्णांचे आठ माग मी स्वतःच्या हातानं बसवले. व्यापारी सूत द्यायचा, अण्णा कापड विणून द्यायचे. मंदी आली, व्यापाऱ्यानं सूत देणं थांबवलं. अण्णा म्हणाले, "दसऱ्यापतोर सूत आलं तर ठीक. न्हायतर आठी माग भंगारात."

त्यानंतरचे हे किस्से.

*

एका सकाळी टपरीवाल्या म्हादूनं मोबाईलवर वाचलं. मुंबईत सगळ्या बँकांची जी बँक आहे, तिनं व्याज उतरवलं. धंदे पुन्हा उभे राहावेत म्हणून! अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि तसेच आपल्या बँकेत गेले. मी बरोबर होतो.

"साहेब, माझा हप्ता किती उतरला?"

साहेब म्हणाले, "अण्णा, तुमच्या कर्जाला लागू व्हायला वेळ लागेल."

"मागं वाढलं तवा दुसऱ्या म्हैन्यात लागू झालतं की!"

"ते कॉम्प्युटर करतो."

"आणि उतरवायला काय माणूस ठेवलायसा?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. अण्णांनी तो घेतला नाही.

*

दोन महिन्यांनी व्याज आणखी उतरलं. म्हादूचा भाचा कॉलेजात शिकवतो. तो त्या दिवशी टपरीवर आला होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. वरून पैसा स्वस्त होतो, मग बँका कर्ज देतात, लोक खरेदी करतात, कापडाला मागणी येते, माग चालतात.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मुंबईत नळ सोडला म्हणायचा."

"अगदी बरोबर, अण्णा!"

"आमच्यात पाणी कवा येतंय म्हाईत हाय न्हवं? आणि आलं तरी पहिल्या चार घरांच्या मोटारी वढून घेत्यात. आमी शेवटच्या घरातलं."

भाचा हसला. टपरीवरचं दुसरं कुणी हसलं नाही.

*

अण्णा रोज सकाळी एक माग तासभर रिकामाच चालवायचे. ना सूत, ना कापड. नुसता खडखडाट. मी रागावलो, "रिकामा माग चालवला की पार्ट झिजत्यात." ऐकलं नाही.

एकदा तो आवाज ऐकून एक विणकर दारात आला. निपाणीकडचा. चार गावं काम शोधत फिरलेला.

"मालक, कामगार पायजे का?"

"न्हाय पावणं. सूतच न्हाय."

"मग माग कशाला चालवतायसा?"

"गंजू नये म्हणून."

"माग?"

"माग का मी, ते इचारू नका."

पाहुण्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि तासभर त्या रिकाम्या मागापुढं उभा राहिला. पगार मागितला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "हाताला बरं वाटलं."

*

मग बँकेनं आमच्या गल्लीत मांडव घातला. कर्ज मेळावा! तरणा साहेब, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड.

"काका, इतकं कमी व्याज पुन्हा मिळणार नाही. नवीन मशीन घ्या!"

अण्णा म्हणाले, "व्याज कमी केलासा, ब्येस झालं. पर जुनी आठ बंद हायती. नव्यावर काय इणू? कापडाला गिऱ्हाईक देतासा काय कर्जात?"

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. "तुमची अडचण वर कळवतो."

कळवली असावी. आठवड्यानं अण्णांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. म्हादूनं वाचून दाखवला. अण्णांना मोटारसायकलसाठी कर्ज मंजूर!

अण्णांनी मोबाईल खिशात ठेवला. "कुठं जाऊ म्हणावं मोटारसायकलवरनं?"

*

खंडेनवमीला आम्ही आठही माग पुसले, तेल घातलं, हळदकुंकू वाहिलं. दसरा झाला. सूत आलं नाही. सोमवारी अण्णांनी सदा भंगारवाल्याला निरोप धाडला.

सदा आला तो नव्या टेम्पोतून. झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. अंगावर नवा शर्ट.

"अण्णा, व्याज उतरलं म्हणून जमलं बघा! बँकेनं आठवड्याच्या आत कर्ज मंजूर केलं. म्हणाले, तुझा धंदा जोरात हाय."

आमच्या गल्लीत नवी गाडी आली की नारळ अण्णा फोडतात. वयानं मोठे म्हणून. सदानं नारळ पिशवीतून काढला, पण पुढं करेना.

अण्णांनी स्वतःच हात पुढं केला. नारळ कानाशी धरून हलवला, पाणी आहे बघितलं आणि एका दणक्यात फोडला. पहिला तुकडा सदाच्या हातावर ठेवला.

"धंदा चालू दे तुझा."

सदानं मान खाली घातली.

"लाजतोस काय लेका? गाडी मागं घे. दार मी उघडतो."