मावश्यांनी सरकवलेली लाइन

पुण्याहून लोणावळ्याला येणारी संध्याकाळची लोकल मध्येच उभी राहिली, की डब्यात सगळ्यात मोठ्याने कुरकुरणारी बाई मीच असते. मालगाडी पुढे काढायची म्हणून आम्हाला थांबवून ठेवतात, आणि तिकडे गावी, औंढ्याला, आई न जेवता माझी वाट बघत बसते. "मालगाड्यांना वेगळी लाइन टाका की एकदाची!" हे मी इतक्यांदा बोलले आहे, की डब्यातल्या बायका मला मंत्रीणबाईच म्हणतात.

शेवटी त्या वेगळ्या लाइनची मोजणी सुरू झाली. डब्यात पेढे वाटायचेच काय ते मी बाकी ठेवले होते. आणि लाल रंगाच्या खुंट्या नेमक्या आमच्याच खाचरात येऊन उभ्या राहिल्या.

खाचर म्हणजे भाताचा एवढासा तुकडा. पण आमच्या घराण्यात स्वतःच्या नावावर जमीन घेणारे माझे वडील पहिले. ते गेल्यापासून आईचा सगळा जीव त्या तुकड्यात. "कर आता भाषणं," ती मला म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली.

लावणीला आमच्याकडे अजून सावड चालते. आज सगळ्याजणी आपल्या शेतात, उद्या आपण त्यांच्या. आमच्या पाळीच्या दिवशी मी रजा काढली होती. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. म्हणून मोजणीवाल्यांनी सकाळीच खुंट्यांना पांढरी दोरी ताणली आणि ते नाक्यावर चहाला गेले. आई आणि मी सगळ्यांच्या भाकऱ्या थापायला घरी गेलो. तेवढ्यात सावडीच्या मावश्या आल्या आणि दोरी पाहून खूश झाल्या. गेल्याच वर्षी शेतीखात्याच्या लोकांनी त्यांना दोरीने लावणी करायला शिकवलं होतं. दोरीला धरून ओळ लावायची, ओळ झाली की खुंट्या उपटून दोरी वीतभर मागे न्यायची.

आम्ही परत आलो, तोवर मालगाड्यांची लाइन आमच्या खाचरातून निघून पार ओढ्याकाठच्या बांधाला टेकली होती. तिच्यामागे हिरव्या रोपांच्या सरळसोट ओळी.

"लय झ्याक दोरी ताणली व्हतीस गं," एक मावशी आईला म्हणाली.

मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते. आईचा चेहरा मात्र उजळला होता. "गेली बाई एकदाची वढ्याकडं," ती माझ्या कानात म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

मोजणीवाला पोरगेलासा साहेब आला, कपाळाला हात लावला आणि हसत हसत बांधावरच बसला. "मावशी, सगळं मशिनमध्ये असतं हो. दोरी नुसती दाखवायला." मग मोठे साहेब यायच्या आत त्याने रोपं न तुडवता खुंट्या पुन्हा जागच्या जागी ठोकल्या. आईकडे बघवेना मला.

"कशापायी रं बाबा ही लाइन?" तिने विचारलं.

"मालगाड्या इकडून जातील. मग लोकल अडणार नाहीत."

"म्हंजी हिची गाडी मधी थांबायची न्हाई?"

"नाही थांबणार."

त्याच्या हातावर भाकरी-चटणी ठेवून आई चिखलात उतरली.

ते भात कापून, कांडून, अर्धंअधिक खाऊनही झालं. लाइनचा अजून पत्ता नाही. परवा लोकल पुन्हा अशीच उभी राहिली आणि आईचा फोन आला.

"कुटं हायेस?"

"कामशेतच्या अलीकडे. मालगाडी पुढे काढतायत."

तिने ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या सायबाला सांग, खाचर घे म्हणावं. पर माझी पोर येळंत घरला येऊ दे."

मालगाडी शेजारून धडधडत जाऊ लागली. डबाभर बायका तिला शिव्या घालत होत्या. मी मात्र खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही अशीच याच रुळांवरून जात राहावी, हिचे डबे संपूच नयेत.