चेअरमनला माझा एकच प्रश्न

मंडळी, आज दुपारी मुकुंदवाडीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून मी एका मोठ्या कंपनीच्या चेअरमनला जाब विचारला. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लगेच लिहितेय.

या कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडं आहेत. आज तिची वार्षिक सभा होती, ऑनलाइन. सभेत बोलायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं होतं.

माझ्या आधीचे सगळे भागधारक नुसते चेअरमनचे गोडवे गात होते. एकानं तर दिवाळीच्या मिठाईचा डबा मागितला!

आमचे मिस्टर कानाशी कुजबुजले, "लई मोठी माणसं हायेत ती. तू पण गोड बोल अन् मोकळी हो."

मी सरळ विचारलं, "नफा घटला, आमचा डिव्हिडंड बंद झाला, मग संचालकांचा पगार वाढवायचा ठराव कशासाठी?"

"मॅडम, उत्तर ईमेलनं पाठवू," चेअरमन म्हणाले. लगेच पुढचं नाव पुकारलं अन् माझा माइक बंद.

मी तिथंच मतदानाचं पान उघडलं आणि ठरावाच्या विरोधात मत दिलं.

मिस्टर हसले. "तुझ्या एका मतानं ठराव पडणार व्हय?"

नाय पडणार, मलाही कळतं. पण डिव्हिडंडची तारीख आपल्याला तोंडपाठ असते आणि सभेची नोटीस आपण उघडतसुद्धा नाही. तुम्ही कधी मत दिलंय का, सांगा बरं?

ठराव मंजूर होऊ दे खुशाल. "एकमतानं मंजूर" असं मात्र त्यांना लिहिता येणार नाय.