ताईची काळी पाच

माझी थोरली बहीण पॉप गायिका. तेविसाव्या वर्षी तिचं एक गाणं असं गाजलं, की न्हाव्याच्या दुकानापासून दाताच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे तेच. पुढचे दोन अल्बम आपटले. पण ताईच्या तोंडाला कुलूप घालणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, आणि टीव्हीवाल्यांनी ते बरोबर हेरलं. आधी सकाळच्या गप्पांचा कार्यक्रम, मग गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक. कुठेही गेली तरी शेवटी लोक तेच गाणं मागायचे.

साथीला एकटा मी, कीबोर्डवर. पन्नाशी आली तरी तिच्यासाठी ‘छोट्या’च, अगदी माइकवरूनसुद्धा. गाणं काळी पाचमधलं, म्हणजे चांगलंच उंच. दुसऱ्या कडव्यातला वरचा सूर लागला की लोक खुर्च्या सोडायचे. ताईला केवढा अभिमान! येईल त्याला सांगायची, ‘‘जन्मात पट्टी बदलली नाही मी.’’

तिनं नव्हती बदलली. मी बदलली होती. अकरा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात त्या सुरावर तिचा आवाज फाटला. विंगेत येऊन ढसाढसा रडली, आणि खापर सर्दीवर फोडलं. पुढच्या वेळी मी गुपचूप कीबोर्डचं एक बटण दाबून सगळं अर्धा सूर खाली आणलं. बोटं जागच्या जागी, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ताई खूश. ‘‘बघ, आला की नाही आवाज परत?’’ मग दर दोन-तीन वर्षांनी अर्धा सूर, असं एकूण चारदा. माया म्हणा, भित्रेपणा म्हणा. मलाच नीट सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात वाहिनीनं ठरवलं, की वर्धापनदिनाला ताईनं तेच गाणं जुन्या मूळ ट्रॅकवर गायचं. म्हणजे माझं कामच नाही. आठवडाभर मी सांगायला तोंड उघडत होतो आणि चहा मागत होतो.

तालमीत पहिल्या कडव्यातच ती अडकली. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा अडकली. ‘‘ट्रॅक चढलाय तुमचा,’’ ती ध्वनीवाल्यावर खेकसली.

‘‘नाही मॅडम, ओरिजिनलच आहे.’’

ताई वळून माझ्याकडे बघत राहिली. तिला सांगावं लागलंच नाही.

‘‘किती उतरवलंस?’’

‘‘दोन सूर. थोडं थोडं करून.’’

वाटलं, कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत टेकली. म्हणाली, ‘‘मागच्या स्पर्धेतल्या त्या मुलीनं हेच गाणं अर्धा सूर खाली मागितलं होतं. मी म्हटलं, मला या वयात झेपतं, तुला विशीत झेपत नाही? आणि घरी पाठवली तिला. तेव्हा तूच वाजवत होतास ना रे?’’

मीच वाजवत होतो.

‘‘नंबर काढ तिचा. फोन तू करायचास. माझ्यासमोर.’’

दुसऱ्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात बसून फोन लावला. त्या मुलीच्या आईनं उचलला. गाण्याचं नाव काढताच म्हणाल्या, ‘‘तिनं त्या दिवसापासून गायलंच नाही हो. आता घरात आम्ही विषयही काढत नाही.’’

फोन ठेवला. ताई टेबलाच्या पलीकडून विचारत होती, ‘‘काय म्हणाल्या?’’

सवयीनं काहीतरी बरं सांगायला गेलो. मग थांबलो, आणि होतं तसं सांगितलं.