अकरा नंबरची संध्याकाळ

माझी मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी पाय पुसते, मग त्यांच्या पलंगावरची चादर ताणून सरळ करते आणि मग "कशी आहेस" विचारते. तळ्याकाठच्या आमच्या हॉटेलात तिनं एकतीस वर्षं खोल्या लावल्या, त्याचा हा परिणाम. हॉटेलात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत, कारण तिला सुरकुती खपत नसे. सकाळी पलंग पाहून ती सांगायची की रात्री नवरा-बायकोचं वाजलंय की नाही. उशा दोन टोकांना गेलेल्या असल्या की वाजलंय.

हॉटेल दीडशे वर्षांचं. जिना कुरकुरतो, नळाला गरम पाणी यायला दहा मिनिटं लागतात, आणि या दोन्ही गोष्टींना ऐतिहासिक म्हणून आम्ही भाडं चढवून ठेवलंय. मी तिथे दुपारच्या पाळीला काउंटरवर बसते. ही नोकरी मावशीच्या शब्दावर लागली, हे मी विसरू नये याची ती काळजी घेते.

वरच्या मजल्यावर कोपऱ्यात अकरा नंबर. तिथे कुठलासा गादी गेलेला राजा तीन महिने राहिला होता, असं दारावरची पितळी पाटी सांगते. पण लोक राजासाठी येत नाहीत, तिथल्या सूर्यास्तासाठी येतात. बाल्कनीसमोर तळं, पलीकडे डोंगर, आणि दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत सूर्य नेमका जाऊन बसतो. पाहुण्यांच्या वहीत त्यावर पानंच्या पानं भरली आहेत. मावशीनं ती सगळी वाचली होती, सूर्यास्त मात्र एकदाही पाहिला नव्हता. तिची पाळी तीनला संपायची. त्यानंतर खोली पाहुण्याची, आणि पाहुण्याच्या खोलीत उगाच रेंगाळणाऱ्यांतली ती नव्हे.

निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरनं विचारलं, भेट म्हणून घड्याळ हवं की टोस्टर. मावशी म्हणाली, "मला अकरा नंबरची एक संध्याकाळ द्या." मॅनेजर तसा बरा माणूस. त्यानं तिला काकांसह दोन रात्री दिल्या.

माझे काका तळ्याच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडायचे. पहिल्या संध्याकाळी दोघं ठेवणीतले कपडे घालून बाल्कनीत बसली आणि धुकं असं उतरलं की समोरचा कठडाही दिसेना. एवढं पांढरं तर घरची भिंतही दाखवते, असं काका म्हणाले. मग खाली येऊन त्यांनी माझ्यापाशी कुरकूर केली, की त्या मऊ गादीत माणूस हरवतो आणि उद्या सकाळीच मी हिला घरी नेणार. मावशीचं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख निघालं. मावशीनं ठरवलं की आज पुरतं पाहुणं व्हायचं. नाश्ता मागवून खायचा, बोटीतून फिरायचं आणि संध्याकाळी बाल्कनी. फक्त निघण्याआधी तिनं चादरी बदलल्या. नळ कोरडे केले. आंघोळीच्या टबाचे सिंहाच्या पंजांसारखे पाय पुसले. बॅग उघड्यावर बरी दिसत नाही म्हणून कपाटात अगदी वरच्या फळीवर सरकवली. आणि खाली येऊन किल्ली काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली, कारण नोकरांनी किल्ली फाटकाबाहेर न्यायची नसते. हे सगळं आपण केलं हे तिला आठवतसुद्धा नव्हतं.

दोनला मी आले तर किल्ली खिळ्यावर. मी सफाईच्या नव्या मुलीला वर पाठवलं. ती म्हणाली, खोली रिकामी आहे आणि अशी लावलीय की बसायची भीती वाटते. मला काकांची कुरकूर आठवली. न सांगता गेली म्हणून मी जरा फुगलेसुद्धा. तीनला एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तीन महिन्यांपासून त्या अकरा नंबर मिळेल का विचारत होत्या आणि शेवटी मागची खोली घेऊन गप्प बसल्या होत्या. मी मोठ्या दिलदारपणे अकरा नंबरची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

साडेपाचला मावशी-काका बोटीतून परत आले. काकांनी स्वतःचं तिकीट स्वतःच फाडलं होतं आणि ते त्यावर खूश होते. मावशीनं किल्लीसाठी हात पुढे केला.

काय घडलं ते मी सांगितलं. म्हटलं, आत्ता वर जाऊन बाईंना खोली बदलायला सांगते. मावशी म्हणाली, "आलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही. आम्हाला मागची दे." मागच्या खोलीतून बॉयलर दिसतो. ती रिकाम्या खिळ्याकडे बघत होती आणि मला अक्षरशः रडू येत होतं.

तेवढ्यात काका म्हणाले, "बॅग वर राहिलीय. माझी गोळी आहे तिच्यात." काकांना कसलीच गोळी चालू नाही.

आम्ही तिघं वर गेलो. मावशीनं अकरा नंबरच्या दारावर नेहमीसारखं दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, "हाऊसकीपिंग." डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. तिनं माफी मागितली, सरळ कपाटाशी गेली आणि टाचा उंचावून बॅग काढली. बाई बघतच राहिल्या. मग काकांनी एका दमात राजापासून टोस्टरपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"बाल्कनीत चार खुर्च्या आहेत," बाई म्हणाल्या. "मी एकीवरच बसते."

आम्ही चौघं बसलो. सूर्य खिंडीत उतरला, तळं तांबूस झालं आणि उजेड सरळ खोलीत शिरला. मी मावशीकडे पाहिलं तर ती तळ्याकडे पाठ करून उभी. बाल्कनीच्या काचेच्या दारावर फडक्याचे ओरखडे उठून दिसत होते, अर्धगोल, एकावर एक. काच ती रोज सकाळी पुसायची. तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला असतं.

"एकतीस वर्षं हे सगळ्यांना दिसत होतं?" असं म्हणत तिनं रुमाल काढला.

चारचौघांत तिच्याजवळही न बसणाऱ्या काकांनी तिचं मनगट धरलं. "ती काच आता तुझी नाही," ते म्हणाले. "इकडे बघ."

सूर्य पार बुडेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मावशीनं पाहिलं. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायचा रुमाल काकांनी धरून ठेवलेल्या हातात अडकला होता.

रात्री ती दोघं मागच्या खोलीत झोपली. तिथली गादी कडक असल्यामुळे काकांना उत्तम झोप लागली. सकाळी निघताना मावशीनं पाहुण्यांची वही मागितली आणि पहिल्यांदाच तिच्यात लिहिलं: "सूर्यास्त उत्तम. काच संध्याकाळी पुसावी."

मॅनेजरनं ते मनावर घेतलं. आता सफाईची नवी मुलगी रोज संध्याकाळी अकरा नंबरची काच पुसायला वर जाते, आणि तिला खाली यायला अंधार पडतो.